हिरव्या टोकांचं सरपण

गेल्या वर्षी जानेवारीत वादळानं विजेचे खांब आडवे केले आणि आमच्या घरातले सगळे हीटर एकदम मुके झाले, तेव्हा मी आणि युना कोट, टोप्या, मोजे असा सगळा सरंजाम चढवून शेजारच्या ॲम्ब्रोज गेंजच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ॲम्ब्रोजची लोखंडी शेगडी लालबुंद झाली होती आणि तो शर्टाच्या बाह्या वर सारून खुर्चीत रेलला होता. नुसता शेगडीकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा शेगडीकडे. आमच्या गावच्या, केटल आर्मच्या शाळेत मी उपमुख्याध्यापक होतो. नुसतं बघून मुलांना रडकुंडीला आणायची विद्या माझी. ती कुणी माझ्यावरच वापरील असं मला कधी वाटलं नव्हतं.

वीज आली त्या दिवशी युनानं जाहीर केलं की पुढच्या हिवाळ्यात आपल्याकडे शेगडी असेल आणि तिच्यात आपण स्वतः तोडलेलं लाकूड असेल. आमच्या घरात 'आपण' म्हणजे हेडली केन्स, म्हणजे मी. शेगडी आली, धुराडंही बसलं. ते बसवणाऱ्या माणसाचं आणि माझं नेमकं काय झालं ते सांगायला युनानं बंदी घातली आहे, म्हणून पुढे जातो.

मी लाकूड तोडणार ही बातमी गावात पसरली आणि सल्ले सुरू झाले. न्यूफाउंडलंडच्या या टोकाला लाकूड म्हणजे स्प्रूस, राळेनं भरलेलं सूचिपर्णी झाड. दुसरं काही मागाल तर वारा तेवढा मिळेल. युनाचा भाऊ ओंटारिओत राहतो. त्यानं फोनवर सांगितलं की स्प्रूसला लाकूड म्हणू नये, तो नुसता फुरफुरतो, ठिणग्या उडवतो आणि तासाभरात राख होतो. जाळायचा तर मेपल जाळावा. आमच्या भागात मेपलचं पान आम्हाला दिसतं ते देशाच्या झेंड्यावर. ॲम्ब्रोज म्हणाला, मार्चमध्ये तोडलं की ऑक्टोबरपर्यंत वाऱ्यानं वाळतं. बोटवाला सेल्बी प्लाउमन म्हणाला, दोन उन्हाळे दाखवल्याशिवाय स्प्रूसला हात लावायचा नाही, ॲम्ब्रोजला काय कळतंय. आणि रस्त्यापलीकडच्या व्हायलेटकाकू हॉडिनॉट, सत्तरी उलटली तरी स्वतःचं लाकूड स्वतः तोडणाऱ्या, त्यांनी मला दुकानात गाठून बजावलं, "हेडली, ओलं लाकूड जाळू नकोस आणि शेगडी धुमसत ठेवू नकोस. स्प्रूसची राळ धुराड्यात डांबर होऊन बसते. आणि मग एक दिवस ते डांबर पेटतं." मी मान डोलावली. माझी मान फार चांगली डोलते. नोकरीच्या काळात तिनं मोठमोठ्या अधिकाऱ्यांना समाधान दिलेलं आहे.

मग परवाना. वनखात्याच्या कचेरीत मला एका नकाशासमोर उभं केलं. मला हवा होता तो भाग बंद होता. जो खुला होता तिथे जायला एक दलदल ओलांडावी लागे, आणि ती फक्त गोठलेली असताना. घरात माणसं किती, शेगडी कुठल्या जातीची, याआधी लाकूड तोडलंय का, असं सगळं विचारून झाल्यावर साहेबानं चष्म्यावरून पाहत सांगितलं की रस्त्याकडेला रचलेल्या थप्प्यांची तपासणी कधीही होऊ शकते. थप्पी नियमाप्रमाणे नसली तर जप्त होते. हे त्यानं अशा काही आवाजात सांगितलं की थप्पी या वस्तूची मला तेव्हापासूनच धास्ती बसली.

मार्चमध्ये ॲम्ब्रोजची बर्फगाडी आणि त्याची करवत घेऊन आम्ही दोघांनी लाकूड तोडलं. हे मी सांगतो तेव्हा आम्ही दोघं असतो. ॲम्ब्रोज सांगतो तेव्हा त्यात एकच माणूस असतो आणि दुसरा बर्फावर बसून चहा पीत असतो. थप्पी मात्र मी एकट्यानं, माझ्या हातांनी रचली. हमरस्त्याला खडीची खाण आहे, तिच्या तोंडाशी व्हायलेटकाकूंची थप्पी होती, तिच्या शेजारीच. माझी थप्पी जरा डावीकडे कलली. जरा म्हणजे बघणाऱ्यानं मान वाकडी केली की सरळ दिसायची. ॲम्ब्रोजनं ती पाहून टोपी काढली. मी म्हटलं, उन्हाळ्यात वाळता वाळता बसेल सरळ.

आमच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेनं मैलोन् मैल अशा थप्प्या उभ्या असतात. कुलूप नाही, कुंपण नाही, पाटी नाही. मालक लांब कुठेतरी आपल्या घरात घोरत असतो. आमच्याकडे माणूस दारू पिऊन चर्चमध्ये भलतंच गाणं म्हणाला तरी पुढच्या रविवारी लोक सरकून त्याला जागा देतात. पण दुसऱ्याच्या थप्पीतला एक ओंडका उचललेला माणूस मेल्यावरसुद्धा 'तो लाकूडवाला' म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या मुलांना बोटीवर कुणी घेत नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना हेच उदाहरण देत असे.

ऑक्टोबरमध्ये पिकअप घेऊन मी खाणीशी गेलो. दोन थप्प्या उभ्या होत्या. एक अशी सरळ की तिला दोरी लावून बघावी. दुसरी डावीकडे कललेली. कललेली दिसताच माझा जीव भांड्यात पडला. माझीच ती. जवळ गेलो तर प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला हिरवा रंग फासलेला. क्षणभर मी चपापलो. मग उमगलं. वनखात्याची तपासणी झाली होती आणि माझी थप्पी पास झाली होती. शेजारच्या सरळ थप्पीला रंगाचा ठिपकाही नव्हता. मला त्या मालकाची मनापासून कीव आली. नुसतं दिसायला सरळ असून भागत नाही, असंही मनात आलं.

दिवसाढवळ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत मी सगळी थप्पी घरी आणली, तुकडे केले, फोडली आणि शेडमध्ये रचली. पहिल्या दिवशी शेगडी पेटवली तेव्हा स्प्रूस असा तडतडला की युनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हे धुरानं नव्हे, हे मी शपथेवर सांगतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फाबरोबर बातमी आली. दुपारची वेळ होती. ॲम्ब्रोज, सेल्बी आणि व्हायलेटकाकू असे तिघं एकदम आमच्या दारात. युनानं चहा टाकला, काकवीचे बन काढले. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. थप्पी गेली, त्या म्हणाल्या. सगळीच्या सगळी. पावसानं जमीन खचून कलली होती, ती नीट करून घ्यावी म्हणून गेल्या, तर तिथे नुसता भुसा.

माझ्या संतापाला सीमा राहिली नाही. मी खुर्चीवरून उठलो आणि बोललो. चांगलं बोललो. या किनाऱ्यावर शंभर वर्षांत न घडलेली गोष्ट, गावाची अब्रू, एका एकट्या बाईचं सरपण. सेल्बीनं टेबलावर थाप मारली. ॲम्ब्रोज म्हणाला, याची एक समिती नेमली पाहिजे आणि तिचा अध्यक्ष हेडलीशिवाय दुसरा कोण. मी नको नको म्हणत स्वीकारलं. सभ्य माणसानं तेवढं नको म्हणायचं असतं.

अध्यक्ष म्हणून मी पहिला प्रश्न विचारला की चोरीचं लाकूड ओळखायचं कसं, स्प्रूस सगळा सारखाच.

"माझा नाही सारखा," काकू म्हणाल्या. "होडी रंगवून डबाभर हिरवा रंग उरला होता. टाकवेना. म्हणून एक दिवस बसून सगळ्या टोकांना फासला."

माझ्या हातातला बन हातातच राहिला. शेगडीत काहीतरी तडतडलं. शेगडीशेजारी सरपणाचा खोका होता, काठोकाठ भरलेला, आणि त्यातले तुकडे मी, सुबक दिसावं म्हणून, रंगीत टोकं बाहेर येतील असे लावले होते. काकूंची पाठ खोक्याकडे होती. सेल्बीचं तोंड बनात होतं. ॲम्ब्रोज चहा ढवळत होता. मी चालत गेलो आणि खोक्यावर बसलो.

"तिथे का बसलास?" युना म्हणाली.

मी म्हटलं, कंबर धरली आहे, शेक बरा वाटतो. एक लाकूड बाजूनं बाहेर आलं होतं. मी कोटाचा घोळ त्यावर पसरला. काकूंनी मागे वळून शेगडीकडे हात पसरले.

"छान ऊब आहे हो तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "वाळलेलं दिसतंय लाकूड."

आता सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. काकू, घोटाळा झाला, हे घ्या तुमचं लाकूड. लोक महिनाभर हसले असते आणि विसरले असते. पण मी नुकताच उभा राहून गावाच्या अब्रूवर बोललो होतो, आणि माझेच शब्द अजून त्या खोलीत गरम होते. तेवढ्यात ॲम्ब्रोज उठला. आग मंदावली आहे, एक लाकूड टाकतो, म्हणत तो माझ्या दिशेनं यायला लागला. मी दोन्ही हात पसरून म्हटलं की माझ्या घरात पाहुण्यानं लाकूड टाकायचं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. तसंच, जानेवारीतल्यासारखं.

आणि मग सेल्बीनं ते नाव घेतलं. लोरेन्झो गूल्ड.

लोरेन्झो माझा विद्यार्थी. बरीच वर्षं अल्बर्टात तेलाच्या कामावर होता. त्या वर्षी मे महिन्यात बायकोला, बर्निसला, घेऊन परत आला तो कायमचा राहायला. सेल्बीनं त्याला पुढच्या हंगामात बोटीवर घ्यायचं कबूल केलं होतं. त्याच भरवशावर ते दोघं इथे होते. सेल्बीचं म्हणणं असं की हा आला मे महिन्यात, लाकूड तोडायचा हंगाम संपल्यावर. रस्त्यावर त्याची थप्पी नाही. मग त्याच्या धुराड्यातून धूर कसला निघतो? ॲम्ब्रोज म्हणाला, तो सांगतो की बापाची मासळी खारवायची जुनी शेड मोडून जाळतोय. सेल्बी म्हणाला, सांगायला काय जातं. आणि चोर असेल तर माझ्या बोटीवर नको.

मी म्हणालो, पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये. सगळ्यांना ते फार आवडलं. सर बघा, शत्रूलाही न्याय देतात.

ते गेल्यावर मी पिकअप काढून खाणीकडे गेलो. सरळ थप्पी तिथेच उभी होती. वाकून पाहिलं. एक ओंडका हातभर, एक दीड हात, एक तिरपा कापलेला. माझंच लाकूड. कुणीतरी माझी थप्पी उतरवून दोरीत रचली होती. गावात कुणालाही विचारलं असतं तर सगळ्यांनी एकच सांगितलं असतं, ही थप्पी हेडलीची असणं शक्य नाही, आणि प्रत्यक्षात सगळे तेच सांगत होते. ही कुणा तिऱ्हाइताची, हेडलीनं आपली केव्हाच नेली. माझ्या नालायकीवर गावाचा इतका विश्वास होता की माझ्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

युनाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं खोक्यातली हिरवी टोकं एकदा बघून घेतली. मग म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन सांग."

मी म्हटलं, सांगण्याची गरज काय, परत नेऊन ठेवतो. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असतं. मी सर्दीचं निमित्त केलं, शेडमधलं लाकूड पिकअपमध्ये भरलं, वर ताडपत्री टाकली आणि निघालो. खाणीच्या तोंडाशी ॲम्ब्रोजची गाडी उभी. आत ॲम्ब्रोज, थर्मास आणि दुर्बीण. समितीनं पहारा बसवायचा ठराव केला होता, आणि रविवारची वेळ चोराला सोयीची म्हणून तेव्हा तर हमखास बसवायचा, ही खास सूचना माझीच होती. तो म्हणाला, अरे, तू चर्चला नाहीस? मी म्हटलं, पहारा नीट चाललाय की नाही ते बघायला आलो. त्यानं ताडपत्रीकडे पाहिलं. मी शिंकलो, गाडी वळवली आणि लाकूड पुन्हा शेडमध्ये रचलं.

मग वाटलं, निदान माझं लाकूड काकूंना देऊन टाकू. गेलो त्यांच्या दारात आणि म्हटलं, काकू, मला जास्त झालंय, एक थप्पीभर तुमच्याकडे टाकतो. काकू ताठ झाल्या. दानाचं लाकूड या घरात कधी जळलं नाही, त्या म्हणाल्या. ज्यानं नेलं त्याच्याकडून घेईन. तोवर त्या विजेच्या एका छोट्या हीटरवर स्वयंपाकघरात झोपत होत्या. खोकलाही लागला होता. आणि माझ्या दातृत्वाची गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. दुकानात दोन बायकांनी माझा हात हातात घेतला. त्याच दुकानात बर्निस गूल्ड आली तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि डब्यांवरची अक्षरं वाचायला लागल्या. तिनं पीठ घेतलं आणि कुणाकडे न बघता निघून गेली. मी दाराशी उभा होतो. दार धरलं तिच्यासाठी. तेवढंच केलं. मला स्वतःची शिसारी आली, हे सरळच सांगतो.

काकूंचं लाकूड जाळायला आता हात धजत नव्हता. पण धुराड्यातून धूर निघाला नाही तर लोक विचारतील, म्हणून मी घरामागचा एक उभा स्प्रूस तोडला आणि ओलाच जाळायला लागलो. तो पेटला नाही, त्यानं नुसते सुस्कारे सोडले. टोकांतून फेस यायचा. खोलीभर धूर, काचेवर काळं. शेगडी दिवसरात्र धुमसत राहिली. युना शाल गुंडाळून माझ्यासमोर बसायची आणि रोज एकदा विचारायची, "आज सांगणार?" मी म्हणायचो, योग्य वेळ बघतोय.

समितीची वेळ आधी आली. सेल्बीच्या घरी ठरलं की पोलिसात जाऊन गावाची शोभा करायची नाही. अध्यक्षांनी स्वतः लोरेन्झोच्या दारात जावं आणि गावाच्या वतीनं सांगावं की तुम्ही परत अल्बर्टाला गेलात तर बरं. सर त्याचे शिक्षक, सरांच्या तोंडून ऐकलं तर त्याला बोचणार नाही. मी काहीतरी म्हणालो. काय ते मला आठवत नाही. सगळ्यांनी ते होकार धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवून आरशासमोर उभा होतो. लोरेन्झोच्या घरापर्यंत जायचं होतं आणि तिथे काय बोलायचं हे अजूनही ठरत नव्हतं. खाली युनाचा संयम संपला. त्या ओल्या लाकडाला शिव्या देत ती शेडमध्ये गेली, काकूंचं खडखडीत वाळलेलं लाकूड कवेत भरून आणलं आणि शेगडीत कोंबून हवेचं झाकण उघडं सोडलं. आग भडकली. धुराड्यात इतके दिवस साचलेल्या डांबरानं ती झेलली.

आधी आवाज आला. घरावरून विमान चाललंय आणि पुढे जातच नाही, असा. शेगडीची नळी लाल झाली. बाहेर धावलो तर धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळा निघत होती आणि ठिणग्या छपरावर पडत होत्या. युनानं शेगडीची हवा बंद केली आणि फोन लावला. गावचं अग्निशमन दल म्हणजे सेल्बी, ॲम्ब्रोज आणि एक गाडी. ती गाडी थंडीत सुरू व्हायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात घर गेलं असतं. मी शिडी लावली. दोन पायऱ्या चढलो.

कुणीतरी मला कोटाला धरून खाली ओढलं. लोरेन्झो होता. ॲम्ब्रोज गाडीकडे पळाला होता आणि त्याच्यापलीकडचं घर लोरेन्झोचं. त्यानं पिंपात गोणपाट बुचकळलं, खांद्यावर टाकलं आणि चढला. छपरावर बर्फ होता, त्यावर राळेच्या ठिणग्या चुरचुरत होत्या. तो पोटावर सरपटत धुराड्याशी गेला. एकदा घसरला, खाली जमलेल्या बायकांत बर्निस होती, ती मटकन बर्फात बसली. दुसऱ्या खेपेला त्यानं ओलं गोणपाट धुराड्याच्या तोंडावर दाबलं आणि दाबून धरलं. आवाज बदलला, घोगरा झाला, मग थांबला. गाडी तेव्हा वळणावर आली.

आमच्याकडे काहीही झालं की चहा होतो. ॲम्ब्रोजच्या घरून किटली आली, कप आले, अंगणात सगळ्यांच्या हातात कप गेले. सेल्बीला गेला, ॲम्ब्रोजला गेला, मला तर दोन. लोरेन्झो शिडीवरून खाली आला. हात भाजलेले, भुवया करपलेल्या. त्याच्यापुढे कुणी कप धरला नाही. तो क्षणभर थांबला आणि बर्निसला उठवायला गेला.

माझ्या हातातला कप मी बर्फात ठेवला.

"व्हायलेटकाकूंचं लाकूड मी नेलं," मी म्हणालो. "यानं नाही. मी."

मग ॲम्ब्रोज माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, बस जरा, धक्का बसलाय तुला. सेल्बी दाटल्या आवाजात म्हणाला, "बघा रे. या माणसानं जीव वाचवला म्हणून त्याचा गुन्हा स्वतःवर घेतायत. असे सर होणे नाही." एका बाईनं डोळे पुसले. मी ओरडून सांगितलं की खाणीशी उभी आहे ती सरळ थप्पी माझी, मी चुकून कललेली नेली. यावर मात्र दोघं-तिघं हसले. ॲम्ब्रोज म्हणाला, हेडली, तुझी थप्पी सरळ? आता तू आत जाऊन आडवाच हो.

त्या क्षणी मला कळलं की चोर ठरायलासुद्धा थोडी लायकी लागते.

"ती थप्पी सरांचीच आहे," लोरेन्झो म्हणाला. तो पाठ करून उभा होता, बर्निसच्या अंगावरचा बर्फ झटकत. "जूनमध्ये मी सरळ केली. पडायला आली होती. सरांचं आहे म्हणून केली."

मी शेडकडे गेलो आणि दार उघडलं. आत छतापर्यंत लाकूड रचलेलं होतं, हिरवी टोकं सगळी बाहेर. मीच लावली होती तशी. व्हायलेटकाकू खोकत खोकत पुढे आल्या, एका तुकड्यावर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तू माझ्यासमोर त्यावर बसलास," त्या म्हणाल्या. एवढंच.

पुढचं लवकर उरकलं. सेल्बीनं स्वतःचा कप नेऊन लोरेन्झोसमोर धरला. त्यानं तो घेतला आणि बर्निसला दिला. दुपारपर्यंत शेडमधलं सगळं लाकूड काकूंच्या अंगणात गेलं, जळालं तेवढ्याच्या बदल्यात माझी थप्पीही तिकडेच गेली. ती नेताना मला कुणी हात लावू दिला नाही. समिती कुणी बरखास्त केली नाही. तिच्याबद्दल कुणी बोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोरेन्झो दारात आला. हातांना पट्ट्या होत्या. युनानं आत ये म्हटलं, तो उंबऱ्यातच राहिला.

"सर, तुम्हाला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. कालच कळलं, आग लागली तेव्हा. युना माझ्यामागे उभी होती. पण ती नसती तरी, मला वाटतं, त्या दिवशी तरी मी खोटं बोललो नसतो.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो. "काकूंनी रंगाचं सांगितलं तेव्हा."

त्यानं मान हलवली. त्याला ते ठाऊक असल्यासारखी.

"आणि तू का नाही बोललास?" मी विचारलं. "तुला तर माझी थप्पी तिथेच उभी दिसत होती."

"माझं कुणी ऐकलं असतं?" तो म्हणाला. "आणि मला वाटलं, सर आहेत, सांगतील. बर्निसला मी रोज तेच सांगत होतो. आज सांगतील. नाहीतर उद्या." त्यानं आपल्या घराकडे मान वळवली. "परवा तिचा धीर सुटला. सगळं घर बांधून ठेवलंय आम्ही. शनिवारच्या बोटीनं निघणार होतो."

क्षमा मागायची तर ती कुठून सुरू करायची, ते सुचेना. तोंड उघडलं तेव्हा त्यानं पट्टी बांधलेला हात वर करून मला थांबवलं.

"माझ्या हातांनी आता गाठी सुटत नाहीत, सर," तो म्हणाला. "तुम्ही या सोडायला."

मी कोट घातला आणि त्याच्या मागोमाग गेलो. त्यांच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, भिंतीला लावून खोकी उभी होती. बर्निसनं एक खोकं माझ्यापुढे सरकवलं आणि फडताळाकडे बोट दाखवलं. मी जमिनीवर बसून दोरीची गाठ सोडायला लागलो. आत बशा होत्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी एकेक काढून पुसत गेलो आणि जाऊन फडताळात ठेवत गेलो.

"खालच्या फळीवर," बर्निस म्हणाली. "रोज लागतात."

मी त्या सगळ्या पुन्हा काढल्या आणि खालच्या फळीवर लावल्या.